‘शंभर टक्के गरज भागवतो’ म्हणजे नेमके किती? अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांच्या आर्थिक मदतीविषयी

आपण विचारलेल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आपली मुलगी यंदा बारावीत जात आहे आणि तिला पदवीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांत अर्ज करायचे आहेत. आपण उभयता नोकरीत असून दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न सुमारे २४ लाख रुपये आहे, पुण्यातील राहत्या फ्लॅटचे कर्ज फिटले आहे आणि त्याची आजची किंमत दोन कोटींच्या घरात जाते; शिवाय सातारा जिल्ह्यात भावांसोबत सामायिक अशी थोडी वडिलोपार्जित शेतजमीन आहे. अनेक महाविद्यालये ‘प्रवेश मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची शंभर टक्के आर्थिक गरज भागवतो’ असे जाहीर करतात, त्यात कितपत तथ्य आहे आणि अशी मदत मागितल्याने प्रवेशाची संधी कमी होते का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. शिवाय ठरावीक उत्पन्नापर्यंत खर्च माफ करण्याच्या अलीकडच्या घोषणांचा आपण उल्लेख केला आहे आणि ही उदारता टिकेल का, असेही विचारले आहे.

मी अमेरिकेतील एका खासगी महाविद्यालयाच्या आर्थिक मदत कार्यालयात काही वर्षे अर्ज तपासण्याचे काम केले आणि त्यानंतर आपल्याकडील पालकांना याच विषयात मार्गदर्शन करत आलो आहे. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे देतो की दावा बहुतेक ठिकाणी खरा असतो, दिलेला शब्द पाळलाही जातो, आणि जगात इतरत्र क्वचितच आढळेल इतकी मोठी रक्कम अनुदान म्हणून दिली जाते. मात्र या दाव्यातील ‘गरज’ आपली आपण ठरवत नाही, ती महाविद्यालय ठरवते. म्हणून एखादे महाविद्यालय किती उदार आहे हे जोखायचे असेल, तर टक्केवारीकडे न पाहता गरज मोजण्याचे सूत्र पाहावे.

आपल्याकडील शुल्कसवलतीची सवय मनात असल्यामुळे पालकांचा येथे पहिला गोंधळ होतो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. तहसीलदाराचा दाखला त्या आत बसला तर सवलत मिळते, एक रुपयाने वर गेला तर मिळत नाही. आयआयटीतही एक लाखाच्या आत पूर्ण आणि एक ते पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश शिक्षणशुल्क माफ, असे सरळ टप्पे आहेत. अमेरिकेतील खासगी महाविद्यालयांची पद्धत वजाबाकीची आहे. शिक्षणशुल्क, वसतिगृह, भोजन, पुस्तके, विमा, प्रवास हे सारे धरून वर्षाचा एकूण खर्च काढायचा, त्यातून कुटुंब किती देऊ शकेल ती रक्कम वजा करायची आणि उरलेल्या आकड्याला गरज म्हणायचे. हार्वर्डमध्ये २०२५-२६ या वर्षासाठी शिक्षणशुल्क, निवास आणि भोजन यांची एकत्रित आकारणी ८६,९२६ डॉलर आहे. हिशोबाच्या सोयीसाठी डॉलरचा भाव ८५ रुपये धरला, तर ही रक्कम ७४ लाखांच्या जवळ जाते. अशा खर्चापुढे २४ लाखांच्या उत्पन्नातून कुटुंब काय देणार हे उघड असल्यामुळे आपली गरज मोठी निघणार यात शंका नाही. किती मोठी, एवढाच प्रश्न उरतो.

कुटुंबाची ऐपत ठरवण्यासाठी बहुतेक निवडक खासगी महाविद्यालये कॉलेज बोर्ड या संस्थेचा ‘सीएसएस प्रोफाइल’ हा अर्ज भरून घेतात. अमेरिकी सरकारचा ‘फॅफ्सा’ नावाचा अर्ज वेगळा असतो. तो त्या देशाच्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी असल्यामुळे आपल्याला लागू नाही, आणि त्यावर अवलंबून असलेले वर्षाला कमाल ७,३९५ डॉलरचे सरकारी पेल अनुदानही आपल्या वाट्याला येत नाही. आपल्याला मिळेल ती मदत महाविद्यालयाच्या स्वतःच्या तिजोरीतून येते, त्यामुळे नियमही त्याचेच असतात. प्रोफाइलमध्ये उत्पन्नाखेरीज घर, जमीन, ठेवी, शेअर, व्यवसायातील भांडवल, इतर मुलांचा शिक्षणखर्च आणि आजारपणाचा खर्च यांची खोलवर चौकशी असते. अर्ज सगळ्यांसाठी एकच असला, तरी त्यातील उत्तरांचे पुढे काय करायचे हे प्रत्येक महाविद्यालय स्वतंत्रपणे ठरवते.

आपल्या फ्लॅटचेच उदाहरण घेऊ. समजा, तीन महाविद्यालयांनी आपल्या उत्पन्नातून वर्षाला तीन लाख रुपयांची अपेक्षा धरली आहे. पहिले महाविद्यालय राहते घर हिशोबात घेतच नाही. हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांचे धोरण असे आहे, आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानेही २०२४च्या नोव्हेंबरमध्ये हाच निर्णय जाहीर केला. तेथे आपला वाटा तीन लाखच राहतो. दुसरे महाविद्यालय घराची किंमत धरते, पण वार्षिक उत्पन्नाच्या १.२ पटीपर्यंतच. आपल्या बाबतीत ही कमाल २८ लाख ८० हजार होते, मालमत्तेवर ढोबळमानाने ५ टक्के दराने त्यातून १ लाख ४४ हजार निघतात आणि आपला वाटा ४ लाख ४४ हजारांवर जातो. तिसरे महाविद्यालय अशी कोणतीही मर्यादा न ठेवता पूर्ण दोन कोटी धरते. त्याचे ५ टक्के म्हणजे वर्षाला दहा लाख, आणि एकूण वाटा तेरा लाख. चार वर्षांत पहिल्या ठिकाणी बारा लाख, दुसऱ्या ठिकाणी पावणेअठरा लाखांच्या आसपास आणि तिसऱ्या ठिकाणी बावन्न लाख! तिन्ही महाविद्यालये शंभर टक्के गरज भागवतात आणि तिन्ही खरे बोलतात. तिसऱ्याच्या हिशोबात आपली गरज कमी निघाली, इतकेच. ज्या फ्लॅटमध्ये आपण राहता तो दरवर्षी ५ टक्के विकता येत नाही, हा पालकांचा आक्षेप रास्त आहे. परंतु समान उत्पन्नाच्या दोन कुटुंबांपैकी एक भाड्याने राहते आणि दुसऱ्याच्या मालकीचे घर आहे, तर दुसऱ्याची कर्ज काढण्याची ताकद अधिक, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. आपल्या शहरांतील घरांचे भाव उत्पन्नाच्या मानाने फुगलेले असल्यामुळे या युक्तिवादाचा फटका पुण्या-मुंबईच्या पगारदार कुटुंबांना सर्वाधिक बसतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाच्या आर्थिक मदत कार्यालयाला ई-मेलने एवढाच प्रश्न विचारावा की परदेशी विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे राहते घर आपण कसे धरता आणि त्याला उत्पन्नाच्या पटीत काही मर्यादा आहे का. बहुतेक कार्यालये सरळ उत्तर देतात, आणि ज्यांचे उत्तर गोलमोल येते त्यांच्याविषयीही आपल्याला काहीतरी कळतेच.

शेतजमिनीचा मुद्दा घरापेक्षा किचकट आहे, कारण समोरच्या अधिकाऱ्याने सातबारा कधी पाहिलेला नसतो. सातबाऱ्यावर पाच-सहा खातेदारांची नावे असतात, प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र मांडलेला असेलच असे नाही, आणि आजोबांच्या मृत्यूनंतर वारसांची नोंद होऊनही प्रत्यक्ष वाटणी झालेली नसते. अर्जात ‘शेतजमीन’ म्हणून गटाचे पूर्ण क्षेत्र आणि गावातील शेवटच्या सौद्याचा भाव लिहून मोकळे होणारे पालक मी बरेच पाहिले आहेत. त्यामुळे चार भावांची जमीन एकाच्या नावावर मोजली जाते. आपल्या हिश्श्यापुरतेच क्षेत्र लिहावे, त्याचे मूल्य रेडी रेकनरच्या दराने काढावे आणि सोबत एक पानी पत्र जोडावे. त्या पत्रात जमीन सामायिक आहे, वाटणी झालेली नाही, इतर हिस्सेदारांच्या संमतीशिवाय ती व्यवहारात विकता येत नाही आणि महाराष्ट्रातील कुळकायद्यानुसार शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकता येत असल्यामुळे गिऱ्हाईकही मर्यादित असते, हे साध्या वाक्यांत लिहावे. पत्रासोबत सातबारा, आठ-अ आणि असल्यास वारसनोंदीचा फेरफार यांची इंग्रजी भाषांतरे द्यावीत. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असले तरी प्रोफाइलमध्ये ते दाखवावेच लागते. आयकर विवरणपत्रात शेतीउत्पन्न दिसते आणि अर्जात नाही, अशी विसंगती आढळली की अधिकारी बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने पाहू लागतो.

बचत कोणाच्या नावावर आहे, याला अनपेक्षित महत्त्व आहे. पालकांच्या मालमत्तेवर साधारण ५ टक्के धरले जातात, तर विद्यार्थ्याच्या नावावरील रकमेवर बहुतेक ठिकाणी २५ टक्क्यांच्या आसपास, कारण ती रक्कम शिक्षणासाठीच आहे असे गृहीत असते. मुलीच्या नावाने दहा लाखांची ठेव असेल तर वर्षाला अडीच लाखांची अपेक्षा होते. तीच ठेव आपल्या नावावर असती तर पन्नास हजारांची. सुकन्या समृद्धी खाते येथेच अडचणीचे ठरते, कारण ते मुलीच्या नावाने असले तरी त्यातील रक्कम हवी तेव्हा काढता येत नाही. ती अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर उच्च शिक्षणासाठी आधीच्या वर्षअखेरच्या शिलकीच्या ५० टक्क्यांपर्यंतच मिळते. हा नियमही त्याच पत्रात एका वाक्यात नोंदवावा. भविष्य निर्वाह निधीची शिल्लक मात्र निवृत्तीची बचत म्हणून बहुतेक महाविद्यालये मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळे ती वेगळी दाखवावी, ठेवींच्या बेरजेत मिसळू नये.

आता गेल्या दोन-तीन वर्षांत गाजलेल्या घोषणांकडे वळू, कारण आपल्या प्रश्नात त्यांचा उल्लेख आहे. एमआयटीने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये आणि हार्वर्डने २०२५च्या मार्चमध्ये जाहीर केले की वार्षिक एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला काहीही भरावे लागणार नाही आणि दोन लाखांपर्यंत शिक्षणशुल्क लागणार नाही. प्रिन्स्टनने २०२५च्या ऑगस्टमध्ये याही पुढे जाऊन शून्य खर्चाची मर्यादा दीड लाख डॉलरवर नेली. प्रगतीचा वेग लक्षात यावा म्हणून सांगतो की हार्वर्डने २००४ मध्ये हा उपक्रम सुरू केला तेव्हा पालकांकडून काहीही न घेण्याची मर्यादा चाळीस हजार डॉलर होती. एक लाख डॉलर म्हणजे ८५ लाख रुपये, मग २४ लाखांच्या कुटुंबाला सारेच फुकट, असा सरळ निष्कर्ष आपण काढला आहे. तो बऱ्याच अंशी बरोबर आहे, कारण या तिन्ही संस्था परदेशी विद्यार्थ्यांना तेच मदतधोरण लावतात. तरी त्या घोषणांतील ‘सर्वसाधारण मालमत्ता असलेल्या कुटुंबांसाठी’ ही अट नजरेआड करू नये. भाड्याने दिलेला दुसरा फ्लॅट, मोठे शेअर-खाते किंवा चालता व्यवसाय असेल तर उत्पन्न कमी असूनही वाटा मागितला जातो. काही महाविद्यालये त्या त्या देशातील राहणीमानाचा खर्चही लक्षात घेतात, आणि पुण्यात २४ लाखांवर जगणारे कुटुंब बॉस्टनमध्ये २८ हजार डॉलरवर जगणाऱ्या कुटुंबाइतके ओढाताणीत नसते, हे त्यांना ठाऊक असते.

महाविद्यालयागणिक सूत्र का बदलते, याला एक इतिहास आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ जुनी खासगी विद्यापीठे, आणि एमआयटी दर वसंतात एकत्र बसून, एकाहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या मदतीचे आकडे जुळवत असत. हेतू हा की विद्यार्थ्याने पैशाच्या फरकामुळे महाविद्यालय निवडू नये. अमेरिकेच्या न्याय विभागाला यात किंमत ठरवण्याचे संगनमत दिसले आणि १९९१ मध्ये त्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. आयव्ही विद्यापीठांनी तडजोड केली, एमआयटी मात्र न्यायालयात लढले आणि १९९३ मध्ये अपिलात त्याला अनुकूल कौल मिळाला. पुढे १९९४ मध्ये संसदेने कलम ५६८ मंजूर करून, प्रवेश देताना पैशाचा विचार न करणाऱ्या संस्थांना समान सूत्र वापरण्याची सूट दिली. २०२२च्या जानेवारीत विद्यार्थ्यांच्या वतीने सोळा विद्यापीठांवर दावा दाखल झाला. धनाढ्य देणगीदारांच्या मुलांना झुकते माप देऊन ही विद्यापीठे त्या सवलतीची अटच मोडत आहेत आणि समान सूत्रामुळे मदत कमी दिली जाते, असा आरोप त्यात होता. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर कलम ५६८ची मुदत संपली व ते पुन्हा वाढवले गेले नाही, आणि २०२४ पर्यंत येल, कोलंबिया, ब्राउन, ड्यूक यांच्यासह दहा विद्यापीठांनी दोष मान्य न करता मिळून २८ कोटी ४० लाख डॉलर देऊन तडजोड केली. उत्पन्नमर्यादा वाढवण्याची अलीकडची चढाओढ आणि समान सूत्राचा अंत यांचा काळ जवळजवळ एकच आहे. माझ्या मते हा निव्वळ योगायोग नाही. आकडे जुळवण्याची सोय गेल्यावर उदारतेतही स्पर्धा सुरू झाली आणि त्यात लाभ विद्यार्थ्यांचा झाला.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके सुखावह नाही. मदत मागितल्याने प्रवेशाची संधी कमी होते का? अमेरिकी अर्जदारांसाठी अनेक नामांकित महाविद्यालये ‘नीड-ब्लाइंड’ असतात, म्हणजे निवड करताना अर्जदाराची ऐपत पाहत नाहीत. परदेशी अर्जदारांसाठी हे धोरण पाळणारी मोजकीच आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, २०२२ मध्ये सामील झालेली डार्टमथ आणि बोडइन, २०२५च्या प्रवेशापासून ब्राउन आणि नोत्र दाम, आणि अशी आणखी एखाद-दुसरी. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, ड्यूक, स्वार्थमोर, पोमोना यांसारखी इतर बहुतेक नामवंत महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ‘नीड-अवेअर’ आहेत. प्रवेश दिला तर गरज पूर्ण भागवतात, पण प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवताना गरजेचा आकडा समोर असतो. तेथे परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी ठरावीक रक्कम बाजूला काढलेली असते. निवडसमिती पहिल्या फेऱ्यांत गुणवत्तेवर नावे निवडते आणि शेवटच्या दिवसांत ती यादी या रकमेत बसवली जाते. त्या वेळी चार वर्षांत तीन लाख डॉलर लागणाऱ्या एका विद्यार्थिनीऐवजी दीड लाख लागणारे दोघे बसतात, आणि गुणवत्तेत उजवी असूनही तिचे नाव प्रतीक्षायादीत जाते. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो, तरीही निर्णय पैशावरच झालेला असतो.

यावर ‘आत्ता मदत मागूच नये, एकदा प्रवेश मिळाला की पाहू’ अशी युक्ती सुचवणारे सल्लागार पुण्यात कमी नाहीत. ही युक्ती घातक आहे. प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढील चारही वर्षे ती मिळणार नाही, असा नियम बऱ्याच नीड-अवेअर महाविद्यालयांत असतो. घरात एखादे मोठे संकट आले तरच अपवाद होतो. दरवर्षी ७४ लाख भरण्याची तयारी नसताना असा प्रवेश पदरात पाडून घेणे म्हणजे दुसऱ्या वर्षी मुलीला परत बोलावण्याची तजवीज करणे होय. आपल्या उत्पन्नात हा विचार करायलाच नको. त्याऐवजी यादी नीट आखावी: नीड-ब्लाइंड महाविद्यालयांत अवश्य अर्ज करावा, पण तेथील प्रवेशाचे प्रमाण मुळातच अत्यल्प, बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांहून कमी, आहे हे ध्यानात ठेवावे, नीड-अवेअर महाविद्यालयांपैकी जेथे मुलीची शैक्षणिक पातळी तेथील सरासरीच्या स्पष्टपणे वर आहे अशी निवडावीत, कारण शेवटच्या छाटणीत तीच टिकते, आणि त्या खालच्या स्तरात गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देणारी महाविद्यालये ठेवावीत. आयव्ही लीगमध्ये गुणवत्तेची किंवा खेळाची शिष्यवृत्ती नसते, तेथील सारी मदत गरजेवरच मिळते, हेही अनेकांना ठाऊक नसते. ‘गरज भागवतो’ असे न म्हणता केवळ ‘मदत उपलब्ध आहे’ एवढेच लिहिणाऱ्या महाविद्यालयांविषयी सावध राहावे. तेथे प्रवेश मिळतो, गरज साठ लाखांची निघते आणि पत्रात वीस लाख लिहून येतात.

उदारतेचे मोजमाप एका विद्यार्थ्याला मिळालेल्या रकमेवरून करायचे की किती गरजूंना दार उघडले यावरून, हा वाद अमेरिकेतही जुना आहे. दिल्लीत जन्मलेले आणि हार्वर्डमध्ये शिकवणारे अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की अडतीस महाविद्यालयांत सर्वाधिक उत्पन्नाच्या १ टक्का कुटुंबांतील विद्यार्थी तळाच्या ६० टक्के कुटुंबांतील एकूण विद्यार्थ्यांपेक्षा संख्येने जास्त होते, आणि त्या यादीत आयव्ही लीगची पाच विद्यापीठे होती. हार्वर्डमध्ये आज सुमारे ५५ टक्के विद्यार्थ्यांना अनुदान मिळते, याचा दुसरा अर्थ असा की दोन लाख डॉलरपर्यंत शिक्षणशुल्क माफ असूनही उरलेले ४५ टक्के पूर्ण खर्च उचलू शकणाऱ्या घरांतून येतात. मी हे दोष काढण्यासाठी सांगत नाही. पूर्ण रक्कम भरणाऱ्यांची संख्या आणि मदतीची तिजोरी यांचा मेळ घालूनच प्रत्येक निवडक महाविद्यालयाचा ताळेबंद उभा असतो.

मिशिगन विद्यापीठाचा एक प्रयोग येथे आवर्जून सांगण्याजोगा आहे. २०१५ पासून त्या राज्यातील कमी उत्पन्नाच्या पण हुशार विद्यार्थ्यांना विद्यापीठाने पत्र पाठवून आश्वासन दिले की प्रवेश मिळाला तर चार वर्षे शिक्षणशुल्क लागणार नाही आणि त्यासाठी आर्थिक मदतीचा कोणताही अर्ज भरावा लागणार नाही. यातील बहुतेकांना एरवीही तेवढीच मदत मिळाली असती. केवळ ती आधी आणि निःसंदिग्ध शब्दांत सांगितल्यामुळे अर्ज करणाऱ्यांचे प्रमाण २६ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर आणि प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांचे १२ वरून २७ टक्क्यांवर गेले. उत्पन्नमर्यादांच्या आजच्या ठळक घोषणांमागे हाच धडा आहे.

प्रवेश मिळाल्यावर हाती येणारे मदतीचे पत्र वाचताना पहिल्यांदा अनुदान आणि कर्ज वेगळे करावे. प्रिन्स्टनने २००१ मध्ये मदतीतून कर्ज काढून टाकले आणि बऱ्याच श्रीमंत संस्थांनी त्याचे अनुकरण केले, पण सर्वांनी नाही. त्यानंतर विद्यार्थ्याचा स्वतःचा वाटा पाहावा. वर्षभर कॅम्पसवर काम करून अडीच-तीन हजार डॉलर मिळवणे शक्य असते, परंतु उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळवायची रक्कम आपल्या मुलांना पहिल्या वर्षी जड जाते, कारण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर मोकळेपणाने नोकरी करता येत नाही. ती रक्कम व्यवहारात पालकांच्याच माथी बसते. आरोग्यविमा आणि भारतात येण्या-जाण्याचे भाडे खर्चात धरले आहे का, हेही विचारावे.

कराचा मुद्दा मात्र जवळजवळ कोणीच आधी सांगत नाही. अमेरिकी कायद्यानुसार अनुदानातील शिक्षणशुल्क, आवश्यक फी आणि पुस्तके यांपुरता भाग करमुक्त असतो, तर निवास व भोजनासाठीचा भाग करपात्र. परदेशी विद्यार्थ्याच्या खात्यातून महाविद्यालय त्यावर १४ टक्के कर आधीच कापते. निवास-भोजनाचे अनुदान २०,००० डॉलर असेल तर २,८०० डॉलरची ही कपात सत्राच्या बिलात अचानक उगवते आणि पालक हादरतात. सुदैवाने भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१ अन्वये भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. २०२५ या करवर्षासाठी ती १५,७५० डॉलर आहे. त्यामुळे इतर कमाई नसेल तर २०,०००पैकी ४,२५० डॉलरच करपात्र उरतात, कर सव्वाचारशे डॉलरच्या आसपास येतो आणि अनिवासींसाठीचे १०४०-एनआर हे अमेरिकी कर विवरणपत्र भरल्यावर बाकीची रक्कम परत मिळते. मात्र परतावा हाती येईपर्यंत तेवढे पैसे जवळ असावे लागतात.

ही औदार्याची पातळी टिकेल का, असेही आपण विचारले आहे. मदतीचा मोठा भाग या संस्थांच्या कायम निधीच्या उत्पन्नातून येतो. हार्वर्डचा निधी २०२४च्या जूनअखेर सुमारे ५३ अब्ज डॉलर होता. या निधीच्या गुंतवणूक-उत्पन्नावर २०१७च्या कायद्याने १.४ टक्के कर बसवला होता. २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने, प्रति विद्यार्थी वीस लाख डॉलरहून अधिक निधी असलेल्या संस्थांसाठी तो ८ टक्क्यांपर्यंत नेला आहे आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व एमआयटी याच गटात मोडतात. आधी जाहीर केलेली आश्वासने मोडली जातील असे मला वाटत नाही, कारण तशी नामुष्की कोणालाच नको आहे. ताण जाणवेल तो नीड-अवेअर महाविद्यालयांच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या तरतुदीत, आणि तो कोठेही जाहीर न होता जाणवेल.

शेवटी वेळापत्रकाविषयी. बांधिलकीच्या लवकर प्रवेशाची, म्हणजे निवड झाल्यास तेथेच जाण्याचे आधी कबूल करायला लावणाऱ्या ‘अर्ली डिसिजन’ची, मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरच्या सुमारास असते. मदत अपुरी पडली तर त्या बांधिलकीतून मोकळे होता येते, पण तोवर इतर महाविद्यालयांचे प्रस्ताव हाती नसल्यामुळे तुलना करता येत नाही. म्हणून राहते घर कसे धरले जाते याचे लेखी उत्तर मिळालेल्या महाविद्यालयातच हा मार्ग निवडावा. प्रोफाइल १ ऑक्टोबरला खुले होते, पहिल्या महाविद्यालयासाठी २५ आणि पुढील प्रत्येकासाठी १६ डॉलर लागतात, आणि शुल्क परवडत नसेल तर काही महाविद्यालये विनंतीवरून पर्यायी मोफत अर्ज स्वीकारतात. फॉर्म १६, आयकर विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे आपल्या हाताशीच असतील. सातबारा ऑनलाइन मिळेल, पण वारसनोंदीचा जुना फेरफार आणि आपला हिस्सा नमूद करणारे भावांचे संमतिपत्र यांसाठी गावी जावे लागेल. ते काम गणपतीच्या सुट्टीतच उरकावे, कारण दिवाळीपर्यंत थांबल्यास पहिली मुदत हातची गेलेली असेल.